भुलीतल्या क्वचित गुंतागुंती आणि त्यांचे संशोधन: वाचकांचे प्रश्न, भूलतज्ज्ञांची उत्तरे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे भुलीच्या क्वचित घडणाऱ्या गुंतागुंतींविषयी आणि त्यांवरील संशोधनाविषयी आहेत. त्यांतील काही पत्रे संक्षिप्त करून आणि नावे वगळून येथे घेतली आहेत. उत्तरे सर्वसाधारण स्वरूपाची आहेत. प्रत्यक्ष निर्णय रुग्णाला तपासणाऱ्या डॉक्टरांनीच घ्यायचा असतो.

प्रश्न : माझ्या थोरल्या भावाचे अपेंडिक्सचे ऑपरेशन गेल्या वर्षी एका खासगी रुग्णालयात झाले. ऑपरेशन तासाभरात आटोपले. परंतु नंतर जवळजवळ पाच तास त्याला स्वतःहून श्वास घेता येत नव्हता आणि व्हेंटिलेटरवर ठेवावे लागले. 'स्कोलीनचा असर उतरायला वेळ लागला, असे क्वचित होते', एवढेच आम्हाला सांगण्यात आले. डिस्चार्ज कार्डावर याचा उल्लेख नाही. आता त्याच्या मुलीचे टॉन्सिलचे ऑपरेशन ठरले आहे. तिला धोका आहे का? (कोथरूड)

उत्तर : धोका असू शकतो, मात्र या प्रकरणात पुतणीइतकाच, किंबहुना अधिक, विचार तुम्ही स्वतःचा करायला हवा. त्याचे कारण असे.

स्कोलीन म्हणजे सक्सामेथोनियम. पूर्ण भूल देताना श्वासनलिकेत नळी घालण्यासाठी स्नायू झटपट सैल करावे लागतात, त्यासाठी हे औषध वापरतात. रक्तातील स्यूडोकोलिनेस्टरेज नावाचे एन्झाइम त्याचे विघटन करते, म्हणून त्याचा असर एरवी पाच-दहा मिनिटांत ओसरतो. काही व्यक्तींमध्ये हे एन्झाइम जन्मतःच सदोष असते किंवा जवळजवळ नसतेच. अशा रुग्णात तेच औषध, त्याच मात्रेत, काही तास टिकते. या काळात स्नायू हलत नाहीत, पण शुद्ध येऊ शकते. त्यामुळे रुग्णाला झोपेत ठेवून, श्वास यंत्राने देत, असर आपोआप उतरण्याची वाट पाहणे हाच योग्य उपचार असतो. तुमच्या भावाच्या बाबतीत नेमके हेच केलेले दिसते, आणि ते बरोबर होते. चूक झाली ती कागदावर. पाच तास व्हेंटिलेटरवर राहिलेल्या रुग्णाच्या कार्डावर 'भूल : जनरल, विशेष काही नाही' असे लिहिले जाते, हे आमच्या व्यवसायाला शोभणारे नाही.

आता आनुवंशिकतेविषयी. हा दोष उघड होण्यासाठी आई आणि वडील या दोघांकडूनही सदोष जनुक यावे लागते. भावात तो खरोखरच जन्मजात असेल, तर तुमच्या आईवडिलांकडे प्रत्येकी एक सदोष जनुक असणार, आणि तुम्हा प्रत्येक भावंडाला तोच दोष असण्याची शक्यता चारात एक इतकी आहे. पुतणीला वडिलांकडून एक सदोष जनुक मिळालेले असेलच. तिला गंभीर त्रास होईल तो आईकडूनही तसेच जनुक आले असेल तर. म्हणून तुमच्या भावाचे लग्न आते-मामे नात्यात झाले असेल, तर ते भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगा. याच कारणाने हा दोष काही समाजांत अधिक आढळतो. दक्षिण भारतातील वैश्य समाजात तो लक्षणीय प्रमाणात असल्याचे भारतीय संशोधकांनी एका विशिष्ट जनुकीय बदलासह दाखवून दिले आहे.

सीरम कोलिनेस्टरेज ही रक्ततपासणी बहुतेक मोठ्या प्रयोगशाळांत होते, कारण कीटकनाशकाच्या विषबाधेतही ती लागते. येथे एक खबरदारी घ्यावी. हे एन्झाइम यकृतात तयार होते, म्हणून यकृताच्या आजारात ते कमी असते. गरोदरपणातही काहीसे कमी होते. आणि ऑर्गनोफॉस्फरस गटातील कीटकनाशके ते कित्येक आठवडे दाबून ठेवतात. जुन्नरकडे टोमॅटोवर किंवा इंदापूरकडे डाळिंबावर फवारणी करणाऱ्या माणसाचा अहवाल कमी आला, तर दोष जन्माचा की फवाऱ्याचा, हे आधी विचारावे लागते.

रुग्णालयाकडे लेखी मागणी करून भुलीच्या नोंदीची प्रत मिळवा. त्या कागदावर औषधांची नावे, मात्रा, वेळा आणि श्वास कधी परतला, ही माहिती असते. पुतणीच्या भूलतज्ज्ञांना ती प्रत आणि तपासणीचा अहवाल दोन्ही दाखवा. स्कोलीन टाळून रोक्युरोनियमसारखे दुसरे औषध वापरता येते, तेव्हा ऑपरेशन अडण्याचे कारण नाही.

कुटुंबाचा इतिहास सांगण्याने काय साधते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण मेलबर्नचे आहे. पाय मोडलेल्या २१ वर्षांच्या एका तरुणाला पायापेक्षा भुलीची भीती अधिक वाटत होती, कारण त्याचे दहा नातेवाईक ईथरच्या भुलीनंतर दगावले होते. डॉक्टरांनी ईथरऐवजी हॅलोथेन दिले. तरीही त्याचा ताप झपाट्याने चढू लागला, पण सर्व जण सावध असल्यामुळे तो वाचला. १९६०मध्ये डेनबरो आणि लव्हेल यांनी हा प्रसंग 'लॅन्सेट'मध्ये एका छोट्या पत्राद्वारे मांडला आणि 'मॅलिग्नंट हायपरथर्मिया' या आनुवंशिक विकाराच्या अभ्यासाला सुरुवात झाली.

प्रश्न : सिझेरियनच्या वेळी मला कमरेत इंजेक्शन देऊन भूल दिली होती. दुसऱ्या दिवसापासून बसले की डोके असह्य दुखायचे आणि आडवे झाले की थांबायचे. 'उशी घेतलीस, लवकर उठलीस, म्हणून हे झाले' असे सासूबाईंचे म्हणणे आहे. आता कंबरही दुखते. दोन्ही त्रास इंजेक्शनमुळेच का? (हडपसर)

उत्तर : डोकेदुखी बहुधा इंजेक्शनमुळे, कंबरदुखी बहुधा नाही, आणि उशीचा दोष मुळीच नाही.

मज्जारज्जूभोवतीच्या आवरणाला सुईने जे सूक्ष्म छिद्र पडते, त्यातून आतला द्रव झिरपत राहिला की उठून बसल्यावर डोके दुखते. हा त्रास या पद्धतीइतकाच जुना आहे. १८९८मध्ये जर्मनीतील कील येथे ऑगस्ट बीअर आणि त्यांचे सहायक हिल्डेब्रांट यांनी ही भूल एकमेकांवर करून पाहिली. बीअर यांच्या पाठीत सुई गेली, पण सिरिंज सुईला नीट बसेना आणि बराच द्रव वाहून गेला. मग हिल्डेब्रांट यांच्या पाठीत कोकेन दिले गेले. भूल चढली की नाही हे पाहण्यासाठी त्यांच्या नडगीवर लोखंडी हातोडा मारण्यात आला. संध्याकाळी दोघांनी मद्य आणि सिगारने हा प्रयोग साजरा केला. त्यानंतर बीअर यांना कित्येक दिवस बसवेना. आडवे होताच बरे वाटते, ही नोंद त्यांनी स्वतःच करून ठेवली.

आज आपण २५ किंवा २७ नंबरच्या बारीक आणि पेन्सिलीसारख्या टोकाच्या सुया वापरतो, त्यामुळे हे प्रमाण पुष्कळ घटले आहे. भूल दिल्यानंतर रुग्णाला सक्तीने सपाट झोपवून ठेवल्याने डोकेदुखी टळत नाही, हे अनेक तुलनात्मक अभ्यासांतून स्पष्ट झाले आहे. तरीही आपल्याकडच्या वॉर्डांत 'चोवीस तास उशी नाही' ही सूचना अजून ऐकू येते. त्रास बहुधा आठवडाभरात आपोआप थांबतो. न थांबल्यास रुग्णाचेच १५ ते २० मिलिलिटर रक्त काढून कमरेत आवरणाबाहेर सोडतात, त्याला 'ब्लड पॅच' म्हणतात. कंबरदुखीचे म्हणाल, तर बाळंतपणानंतर ती अशीही बऱ्याच स्त्रियांना होते. कमरेतली भूल घेतलेल्या आणि न घेतलेल्या स्त्रियांची तुलना केली असता दीर्घकालीन कंबरदुखीत फरक आढळलेला नाही.

एक गोष्ट मात्र हलक्यात घेऊ नका. डोकेदुखी आडवे झाल्यावरही थांबेनाशी झाली, ताप आला, फिट आली, दृष्टी अंधुक झाली किंवा हातपाय लुळे वाटू लागले, तर 'सुईचे दुखणे आहे' असे समजून घरी राहू नये. बाळंतिणीच्या मेंदूतील शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा आजार असाच सुरू होतो, आणि त्याला वेळेवर उपचार लागतात.

प्रश्न : माझ्या वडिलांच्या गुडघ्याचे प्रत्यारोपण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात होणार आहे. ऑपरेशनच्या संमतिपत्राखेरीज आणखी एक कागद सहीसाठी दिला. वेदना कमी करण्यासाठी मांडीतल्या नसेजवळ द्यायच्या दोन औषधांची तुलना एका शिकाऊ डॉक्टरांना करायची आहे, आणि कोणते औषध मिळेल ते चिठ्ठीने ठरणार आहे. वडिलांवर प्रयोग होऊ द्यावा का? (सदाशिव पेठ)

उत्तर : एमडीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला प्रबंध लिहावा लागतो आणि पुण्यातील शिक्षणसंस्थांच्या रुग्णालयांत भुलीविषयीचे बरेचसे संशोधन याच वाटेने होते. अशा अभ्यासांत सहसा आधीपासून रोजच्या वापरातली दोन औषधे किंवा दोन मात्रा घेतात. औषध चिठ्ठीने ठरते, हे ऐकून धक्का बसतो. पण डॉक्टरांनी निवड केली, तर धट्ट्याकट्ट्या रुग्णांना एक औषध आणि अशक्तांना दुसरे असे नकळत होते, आणि मग फरक औषधाचा की प्रकृतीचा हे कळत नाही.

सही करण्यापूर्वी मराठीतील माहितीपत्रक मागून घ्या आणि घरी नेऊन वाचा. घाईने, ऑपरेशनच्या टेबलाजवळ घेतलेली संमती ही संमती नव्हे. त्या पत्रकावर अभ्यासाचा हेतू, दोन्ही औषधांचे संभाव्य त्रास, संशोधकाचा आणि संस्थेच्या एथिक्स कमिटीचा संपर्क असायला हवा. या समितीत डॉक्टरांबरोबर कायदेतज्ज्ञ आणि सामान्य नागरिकही असतात, आणि तिचा अध्यक्ष संस्थेबाहेरचा असतो. अभ्यासाची नोंद 'क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया' येथे झाली आहे का, तेही विचारा. ही नोंदवही २००७मध्ये सुरू झाली आणि कोणालाही इंटरनेटवर विनामूल्य पाहता येते. अभ्यासापायी इजा झाल्यास उपचार मोफत मिळाले पाहिजेत, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. वडिलांनी नकार दिला किंवा मध्येच माघार घेतली, तरी त्यांच्या उपचारात काडीचाही फरक पडता कामा नये. आणि सही वडिलांचीच हवी. ते शुद्धीवर आणि समजूतदार असताना मुलाने परस्पर होकार देणे योग्य नाही.

माझे मत विचाराल, तर वरील गोष्टी ठीक असतील तर सहभागी व्हायला हरकत नाही. मात्र अशा अभ्यासाकडून अपेक्षा बेताची ठेवावी. समजा साठ रुग्णांवर अभ्यास झाला, एकालाही गंभीर गुंतागुंत झाली नाही, आणि प्रबंधाच्या शेवटी 'हे औषध पूर्णतः सुरक्षित आहे' असे लिहिले. हे विधान टिकत नाही. संख्याशास्त्रात याचा एक सोपा ठोकताळा आहे: एकाही रुग्णाला त्रास झाला नसेल, तर तीनला रुग्णसंख्येने भागावे, येणारे उत्तर ही धोक्याची संभाव्य कमाल मर्यादा होय, ९५ टक्के खात्रीने. म्हणजे साठ जणांत शून्य याचा अर्थ प्रत्यक्षातला धोका वीसात एक इतकाही असू शकतो. दहा हजारांत एकापेक्षा कमी असे म्हणायचे, तर एकही त्रास न होता तीस हजार रुग्ण व्हावे लागतील, आणि ते कोणत्याही विद्यार्थ्याच्या तीन वर्षांत बसत नाही. वेदना किती कमी झाली, पहिली गोळी किती तासांनी लागली, एवढे साठ रुग्ण सांगू शकतात. क्वचित घडणाऱ्या गोष्टींबद्दल त्यांनी गप्प राहिलेले बरे.

प्रश्न : माझ्या मावशीचे म्हणणे आहे की ऑपरेशन चालू असताना तिला डॉक्टरांचे बोलणे ऐकू येत होते. घरात कोणी विश्वास ठेवत नाही. असे खरेच होते का, आणि किती जणांना? (पिंपरी)

उत्तर : होते. आधी एवढे पाहा, की तिला पूर्ण भूल दिली होती की कमरेतली. कमरेतल्या भुलीत, झोपेचे औषध दिले तरी, बोलणे ऐकू येणे स्वाभाविक आहे आणि ती गुंतागुंत नव्हे; ते आधी समजावून सांगितले नसेल, तर दोष सांगणाऱ्याचा.

पूर्ण भुलीत जाग राहण्याचे प्रमाण कसे मोजले, यावर आकडा बदलतो, आणि संशोधनाच्या दृष्टीने हा भाग मला फार बोलका वाटतो. ब्रिटन आणि आयर्लंडमधील देशव्यापी पाहणीत, ज्यांनी आपणहून तक्रार केली अशांचीच गणना केली. २०१४च्या त्या अहवालानुसार प्रमाण सुमारे १९,००० भुलींमागे एक होते. सिझेरियनसाठी पूर्ण भूल दिलेल्या स्त्रियांत ते सुमारे ६७०मागे एक इतके आढळले. याउलट, भूल उतरल्यावर प्रत्येक रुग्णाला ठराविक प्रश्न विचारले, की हजारात एक-दोन जण काहीतरी आठवल्याचे सांगतात. ते प्रश्न असे: झोप लागण्यापूर्वीचे शेवटचे काय आठवते? जाग आल्यावरचे पहिले काय? या दोन्हींच्या मधले काही आठवते का? स्वप्न पडले का? सर्वांत त्रासदायक काय वाटले? बरेच रुग्ण विचारल्याशिवाय बोलत नाहीत, कारण घरचे हसतील असे त्यांना वाटते. तुमच्या मावशीला तोच अनुभव येत आहे.

तिला घेऊन त्या भूलतज्ज्ञांना भेटा, तिने ऐकलेली वाक्ये तिच्याच शब्दांत सांगू द्या आणि ती नोंदवून घ्यायला लावा. अशा अनुभवानंतर झोप उडणे आणि पुढच्या ऑपरेशनची धास्ती बसणे, हे दोन्ही मानसोपचारांनी सुधारते.

प्रश्न : मी भूलशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात दुसऱ्या वर्षाला आहे. खांद्याजवळ नर्व्ह ब्लॉक (नसेजवळ औषध देऊन हात बधिर करणे) दिल्यावर आमच्या एका रुग्णाला झटके आले. लिपिड (स्निग्ध पदार्थाचे द्रावण) देऊन तो बरा झाला. सर म्हणतात, केस रिपोर्ट लिही. पण एका रुग्णाच्या कहाणीला पुराव्याच्या उतरंडीत सर्वांत खालचे स्थान आहे ना? (लोणी)

उत्तर : स्थान खालचे आहे हे खरे, पण तुमच्या रुग्णाला ज्या औषधाने वाचवले ते तिथूनच वर आले. ब्लॉकसाठी वापरले जाणारे बुपिवाकेन हे बधिर करणारे औषध रक्तात गेले तर हृदय बंद पडते आणि पुन्हा चालू करणे फार कठीण जाते, ही चिंता १९७९मध्येच मांडली गेली होती. पुढे गाय वाइनबर्ग या अमेरिकन भूलतज्ज्ञांनी कार्निटीनची (स्निग्ध पदार्थांच्या चयापचयाला लागणाऱ्या द्रव्याची) कमतरता असलेल्या एका रुग्णात अगदी थोड्या बुपिवाकेनने हृदयाची लय बिघडल्याचा प्रसंग नोंदवला. स्निग्ध पदार्थांच्या चयापचयाचा त्याच्याशी संबंध असावा, या विचाराने त्यांनी उंदरांना आधी लिपिड देऊन पाहिले. विषबाधा वाढेल, असा त्यांचा होरा होता. झाले उलटेच, आणि १९९८मध्ये ते प्रसिद्ध झाले. २००६मध्ये न्यूयॉर्कला एका रुग्णाचे हृदय खांद्याच्या ब्लॉकनंतर थांबले, नेहमीचे सगळे उपाय थकले, तेव्हा सोयाबीन तेलापासून केलेले, दुधासारखे पांढरे २० टक्के लिपिड दिले गेले आणि लय परतली. तोही केस रिपोर्टच होता. अशा रुग्णांना चिठ्ठीने दोन गटांत वाटून अभ्यास करणे कोणालाच शक्य नाही; म्हणून येथे एकेकट्या नोंदींचे मोल जास्त.

लिहिताना रुग्णाचे वजन, औषधाची एकूण मात्रा, सोनोग्राफी वापरली की नाही, इंजेक्शन आणि पहिले लक्षण यांच्यातील मिनिटे, लिपिडची मात्रा (सुरुवातीला किलोमागे दीड मिलिलिटर देतात) आणि त्यानंतरचा घटनाक्रम लिहा. झटक्यांची इतर कारणे, म्हणजे साखर कमी होणे, सोडियम, जुनी फिट, कशी वगळली तेही लिहा. बहुतेक नवशिके हेच विसरतात. जे नोंदवले गेले नाही, ते 'नोंद नाही' असेच लिहावे. रुग्णाची प्रकाशनासाठी वेगळी लेखी परवानगी घ्या, आणि गावाचे नाव, तारखा, ओळख पटेल असे छायाचित्र टाळा. लेख छापून येईतो थांबू नका. औषधाच्या दुष्परिणामाची माहिती भारतीय फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रमाला कळवता येते, तुमच्या महाविद्यालयात त्याचे केंद्र असण्याची शक्यता आहे, आणि त्यांचा १८००-१८०-३०२४ हा टोल-फ्री क्रमांक सामान्य रुग्णांसाठीही खुला आहे.

आकडे सुबक करण्याचा मोह होईल, तो आवरा. आपल्या शाखेचा या बाबतीतला लौकिक चांगला नाही. योशिताका फुजी या जपानी भूलतज्ज्ञांनी ऑपरेशननंतरच्या उलट्यांवरील औषधांवर ढिगाने निबंध लिहिले. इंग्लंडच्या जॉन कार्लाइल यांनी दोन गटांतील रुग्णांचे आकडे योगायोगाने जुळतील त्याहून फारच नेटके जुळतात हे दाखवले, आणि २०१२मध्ये जपानच्या चौकशी समितीने त्यांतील १७२ निबंध बनावट ठरवले. त्या निबंधांवर विसंबून जगभर औषधे निवडली गेली होती.

प्रश्न : वजन आणि साखर कमी करण्यासाठी मी आठवड्यातून एकदा सेमाग्लुटाइडचे इंजेक्शन घेतो. हर्नियाचे ऑपरेशन आहे. उपास नेहमीप्रमाणे केला की पुरे ना? (बाणेर)

उत्तर : कदाचित नाही. हे औषध जठर रिकामे होण्याचा वेग मंदावते. आठ-दहा तास उपाशी असूनही भूल देताना पोटात अन्न सापडले, असे केस रिपोर्ट येऊ लागल्यावर २०२३मध्ये अमेरिकेतील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने ऑपरेशनपूर्वी एक आठवडा हे इंजेक्शन थांबवावे, असे सुचवले. २०२४च्या संयुक्त मार्गदर्शनात सूर बदलला: बहुतेकांनी चालू ठेवायला हरकत नाही, पण ज्यांना मळमळ, उलटी, पोट गच्च वाटणे असा त्रास आहे किंवा ज्यांची मात्रा नुकतीच वाढवली आहे, त्यांनी आदल्या दिवशी केवळ पातळ आहार घ्यावा. मधुमेहासाठी घेत असाल तर परस्पर बंद करू नका, साखर वाढेल. शेवटचे इंजेक्शन कोणत्या तारखेला घेतले ते फिटनेसच्या तपासणीलाच सांगा. शंका वाटल्यास भूल देण्यापूर्वी पोटावर सोनोग्राफीचा प्रोब ठेवून जठरात काही शिल्लक आहे का, हे पाहता येते. तुमच्या रुग्णालयात ती सोय आहे का, ते त्याच भेटीत विचारून घ्या.